पटलेबाबूंची परवानगी

"सर, पटलेबाबूंची परवानगी आली!" मी म्हटलं आणि मोबाइल प्राचार्यांच्या टेबलावर जवळजवळ फेकलाच.

पटलेबाबूंची तेरवी होऊन आठवडा झाला होता. मी स्वतः जेवून आले होते.

प्राचार्यांनी चष्मा वर करून वाचलं. 'लीलाधर पटले यांनी तुम्हाला ही फाइल उघडण्याची परवानगी दिली आहे.' वेळ चार वाजून दहा मिनिटं. खाली बाबूंचा नेहमीचा एक शब्द: 'घ्या.'

आता हे काय प्रकरण होतं ते सांगते. तिरोड्याच्या आमच्या कॉलेजात पटलेबाबू बत्तीस वर्षं क्लार्क होते आणि शेवटची अकरा वर्षं त्यांच्या समोरच्या खुर्चीवर मी. कंत्राटी. माणूस साधा, पण एक खोड अशी की जीव नकोसा व्हावा. ईमेलला फाइल म्हणून कधी जोडायचे नाहीत. फाइल ठेवायची आपल्या स्वतःच्या खात्यात, ड्राइव्हवर, आणि पाठवायची नुसती लिंक. तीही कुलूपबंद. लिंक दाबली की समोर यायचं, 'परवानगी मागा'. मग विद्यार्थी असो की प्राचार्य, मागायचं आणि वाट बघत बसायचं. चारचा चहा झाला की बाबू फोन हातात घ्यायचे आणि एकेकाला देत सुटायचे. प्रत्येकाला 'घ्या' लिहून.

"काऊन छळता जी लोकाईले?" मी एकदा भांडलेच. "सरळ जोडून पाठवा नं फाइल!"

"जोडून पाठवली का मंग कोन पटले नं कोन फटले," ते हसून म्हणाले. "मांगतेत तं मांगू दे वं. मी आजवर कोनाले नाई म्हनलो का?"

नव्हतेच म्हणाले कधी. मीटिंगमध्ये त्यांना कोणी बसा म्हणत नसे. साहेबांच्या मागे रजिस्टर धरून उभे राहायचे. त्या माणसाकडे दिवसातून एकदा सगळ्यांना मागावं लागे. तेव्हा मला राग यायचा. आता वाईट वाटतं.

आणि ते गेले तेव्हा पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. मार्कांच्या याद्या, दाखले, सगळं त्यांच्या खात्यात. त्या दिवशी एका मुलीच्या दाखल्यासाठी मी जुनी लिंक दाबली, सवयीनं 'परवानगी मागा'वर बोट गेलं, आणि हे उत्तर आलं.

"भूत-वूत कुछ नहीं मॅडम," प्राचार्य म्हणाले. "घरचं कोणी बटण दाबत असेल. उद्या जा आणि फोन घेऊन या. सगळ्या फायली उतरवा आणि ते खातं एकदाचं बंद करा."

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी मी मुद्दाम आणखी एक फाइल मागितली आणि स्कूटी काढली. बाबूंचं घर बोदलकसा तलावाच्या अलीकडे. धान कापून झालेलं, शेतातल्या बांध्या रिकाम्या, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुपारचं लख्ख ऊन असूनही मी दोनदा मागे वळून पाहिलं. खोटं कशाला बोलू!

जमुनाबाई, बाबूंची बायको, अंगणातच होत्या. "या जी, बसा," म्हणाल्या आणि चहा ठेवला. आम्ही दोघीच होतो. कप तीन भरले. तिसरा कोनाड्यात ठेवला. तिथं बाबूंचा चष्मा होता आणि शेजारी चार्जरला लावलेला फोन.

चहा संपला. जमुनाबाईंनी पदराला हात पुसले, फोन उचलला आणि निळ्या बटणावर बोट दाबलं. भिंतीवरच्या घड्याळात चार दहा झाले होते.

मला हसूच फुटलं. "म्हंजे तुमीच देता हो परवानगी!"

"हाव जी. दवाखान्यात सांगून गेले नं, मांगनाऱ्याले नाई म्हनाचं नाई. आवाज आला का चहा झाल्यावर निळं दाबाचं. तेवढंच येते मले." त्यांनी फोन पदरानं पुसला. "दिवसभर वाट पाहून राहते मी. आवाज आला का वाटते, त्याहीच्याकडं कोनाचं तरी काम हाय अजून."

तेवढ्यात माझ्या पर्समधला मोबाइल वाजला. परवानगी आली होती. खाली लिहिलं होतं, 'घ्या.'

"काकू, हे 'घ्या' कसं लिवता?"

"कायचं घ्या?"

"हे. शब्द."

"मले कायचं लिवता येते बापा! राशनलेबी आंगठाच देते मी."

मी त्यांचा फोन हातात घेतला. आपोआप उत्तर जायची सोय असते, ती पाहिली. बंद होती. सगळीकडे शोधलं, अकरा वर्षं हेच काम करते मी. कुठं काही नव्हतं. कोनाड्याकडे बघायचं मी टाळलं.

"फोन न्याले आल्या नं तुमी?" जमुनाबाईंनी शांतपणे विचारलं.

मी मान हलवली.

"मी कोन देनारी जी? फोन त्याहीचा. त्याहीले मांगा." आणि त्या कोनाड्यापासून बाजूला झाल्या.

मागितलं असतं तर मिळालं असतं. बाबूंनी आजवर कोणाला नाही म्हटलं नव्हतं. त्यामुळेच माझ्यानं मागवेना. मी फोन होता तिथं ठेवला, नमस्कार केला आणि निघाले.

प्राचार्यांना सांगितलं, घरचे फोन द्यायला तयार नाहीत, परवानगी तेवढी देतात, फायली लिंकवरूनच एकेक करून काढाव्या लागतील. ते चिडले, मग विसरले.

तीनशे बारा फायली होत्या. एका दिवसात सगळ्या मागता येतात, मला का कळत नाही? पण मी रोज एकच मागते. सकाळीच मागून ठेवते. चहा झाल्याशिवाय ते काही देत नाहीत.