येतानाचा घाट

“हे कुणाला पटायचं नाही, पण विमानालाबी घाट लागतो,” सावळीराम म्हणाला आणि भिमाबाईच्या हातातलं सूप ओढू लागला.

तिनं ते नवऱ्याकडून परत आपल्याकडे ओढलं. रविवारी लेकीचं, सिंधूचं लग्न. देवळाली कॅम्पातल्या घराच्या ओट्यावर शेजारची कुसाबाई आणि ती सकाळपासून लग्नाचे गहू निवडत होत्या. सिंधूचा भाऊ चंदर तीन वर्षं दुबईत होता. तो येतो की नाही, एवढंच भिमाबाईला कळायला हवं होतं.

“घाट राहू द्या. टपालवाला आला होता का?”

“आला असता तर सांगितलं नसतं?”

“दीड तासाची वाट,” भिमाबाईनं सूप आपटलं. “मुंबईत आठला बसलो, दुबईत साडेनऊला उतरलो, त्यानंच लिहिलं होतं पहिल्या पत्रात. आपली पॅसेंजर इगतपुरीला पोचेस्तोवर हा दुबईत. अन् बहिणीच्या लग्नाला सवड नाही.”

“शाळेतले मास्तर म्हणत होते, तिथलं घड्याळ दीड तास मागं असतं,” कुसाबाई म्हणाली.

“घड्याळ मागं असलं म्हणून वाट लांब होते का?”

सावळीरामानं टोपी सारखी केली. कसारा घाटात गाड्यांना मागून ढकलायची बँकर इंजिनं जोडण्यात त्याची तीस वर्षं गेली होती.

“चंदरला पोचवायला सांताक्रूझला गेलो, तव्हा विमानाच्या डायवरनं मला आत घेतलं. म्हणला, बाबा, तुम्ही घाटातली माणसं, तुम्हाला सांगायला हरकत नाही. बाराशे मैल. जाताना सगळा उतार, नुसतं सोडून द्यायचं. येताना मात्र चढ. मागून दुसरं विमान लावावं लागतं, बँकर.”

“अन् ते जोडतं कोण, भावजी? ढगात उभं राहून?” कुसाबाई पदरात हसली.

“हसा. तिथं बँकर दोनच. निम्मा वेळ त्याची वाट बघण्यात जातो. म्हणून जाताना दीड तास लागतो अन् येताना साडेचार. आठला सुटलेलं मुंबईत साडेबाराला टेकतं. पोरानं तरी काय करावं?”

कुसाबाईला हसू आवरेना. भिमाबाईच्या हातातलं सूप थांबलं होतं. गव्हातला एक खडा तिनं चिमटीत धरला होता. तो टाकायचा राहून गेला.

“जातानाचं त्यानं लिहिलं होतं,” ती सावकाश म्हणाली. “येतानाचं साडेबारा तुम्हाला कुणी सांगितलं?”

“डायवरनंच की.”

बोलता बोलता त्याचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला आणि तिथंच राहिला. हाताखाली कागद कुरकुरला.

“खोटं,” भिमाबाई म्हणाली. “टपालवाला आला होता. कुठल्या दिवशी येतोय चंदर?”