कुलूपवाल्यांच्या घरातला हातोडा

कुलपांच्या त्या दुकानात कुलूप नसलेली एकच खोली होती, आणि ती म्हणजे कोठी. सगळा माल तिच्यातच. पितळेच्या पट्ट्या, कोऱ्या किल्ल्या, स्प्रिंगांचे डबे, लोकांनी दुरुस्तीला टाकलेली आणि टाकून विसरलेली जुनी कुलपं. नवं गिऱ्हाईक आत डोकावलं की हसायचं. मग वहिनी त्याला समजावून सांगायच्या, की मागे बसलेल्या तिघा कारागिरांना कुठलंही कुलूप उघडायला शिंकेपेक्षा जास्त वेळ लागत नाही. त्यांच्या वाटेत कुलूप लावायचं म्हणजे पोहणाऱ्याच्या वाटेत डबकं आडवं घालायचं.

नियम मूळ सासऱ्यांचा. ज्याच्या हातात असली विद्या आहे त्याच्यावर एक तर विश्वास ठेवावा, नाही तर त्याला ठेवूच नये, असं ते म्हणायचे. सासरे गेले तेव्हा दुकान रीतीने थोरल्याकडे यायचं. पण थोरला गाणं शिकवायचा. त्याला अंधारात षड्ज सापडायचा, उजेडात स्वतःच्या घराची किल्ली सापडायची नाही. त्यामुळे दुकान आलं थोरल्या सुनेकडे. तिने लग्न होऊन आल्यावर कंटाळा घालवायला म्हणून सासऱ्यांच्या शेजारी स्टूल टाकलं होतं, आणि वर्षभरात सासरे तिच्या हातची कुलपं आपली म्हणून गिऱ्हाइकाला द्यायला लागले होते. तिला सगळेच वहिनी म्हणत. दीर म्हणे, कारागीर म्हणत, गिऱ्हाइकं म्हणत. एकदा तर तंद्रीत नवराही म्हणून गेला.

धाकटे दीर, म्हणजे भावोजी, पुढे गल्ल्यावर बसत. अंगात पांढराशुभ्र शर्ट. त्याला डाग पडेल म्हणून त्यांनी जन्मात कानस हातात धरली नव्हती. कारागीर मागच्या खोलीत जे काही करतात ते काळं आणि तेलकट असतं, एवढी त्यांची कुलपांविषयीची माहिती होती. तेवढ्या भांडवलावर ते गिऱ्हाइकांशी तासन्‌तास बोलू शकत, हा गुण मात्र मानायला हवा.

तर त्या कोठीतून माल जायला लागला.

आधी पट्ट्या कमी वाटल्या. वहिनींना वाटलं, आपलाच अंदाज चुकला. मग कोऱ्या किल्ल्यांचा एक डबा उचलला तर पिसासारखा वर आला. आणि एका सकाळी फळीवर धुळीत एक मोठा स्वच्छ चौकोन दिसला. तिथे सासऱ्यांनी हौसेने जपलेलं हातभर रुंदीचं पितळी कुलूप असायचं. ते कुठल्या दाराचं होतं कोणालाच माहीत नव्हतं. त्याचा उपयोग एकच, सासरे त्याच्याकडे बघून चहा प्यायचे.

बातमी फुटायला वेळ लागत नाही. समोरचा रंगवाला येऊन सांगून गेला, की कॅमेरा बसवा, त्याने बसवल्यापासून त्याच्या दुकानातली चोरी स्वच्छ दिसते. थांबली का, असं वहिनींनी विचारलं. थांबली नाही, पण दिसते, असं तो म्हणाला.

भावोजींचा उपाय वेगळा होता. संध्याकाळी घरी जाताना कारागिरांची दारात झडती घ्यायची, विशेषतः मिस्त्रीची. मिस्त्री त्या तिघांत म्हातारा. कामाचा राजा आणि जिभेचा दरोडेखोर. गेल्या कित्येक वर्षांत त्याने कोणाचं कौतुक केल्याचं ऐकिवात नव्हतं, स्वतःचं सोडून. अशा माणसावर संशय घेणं सगळ्यांनाच सोयीचं पडतं.

"घेऊ या की झडती," वहिनी म्हणाल्या. "माझ्यापासून सुरू करू. मग तुमची घेऊ. मग त्यांची."

झडतीचा विषय तिथेच मिटला. पण घरी सासूबाईंच्या कानावर सगळं घातलं गेलं होतं, आणि त्यांनी हट्ट धरला की कोठीला कुलूप लागलंच पाहिजे, दुकान काही एकट्या थोरल्या सुनेचं नाही. वहिनी दोन दिवस अडून बसल्या आणि तिसऱ्या दिवशी वाकल्या. ही त्यांची चूक. त्यांनी एक साधंसं कुलूप कोठीला लावलं, किल्ली कनवटीला खोचली, आणि मागे वळून बघायचं टाळलं.

मिस्त्रीने काम थांबवलं नाही. हातातली कानस चालूच ठेवून त्याने सांगितलं, की ज्या दुकानात माझ्यापासून माल कुलपात ठेवतात तिथे मी लोकांची कुलपं काय म्हणून उघडू? हा महिना भरला की चाललो. चोर सापडला तर बोलवा, नाही सापडला तर तो मीच असं सगळ्यांना सांगत बसा. मिस्त्री गेला की बाकीचे दोघेही जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि ते तिघे गेले की मागे उरणार होता एक पांढरा शर्ट.

पुढचे काही दिवस मात्र मजेचे गेले. कारागिरांना आतलं काही लागलं की वहिनींकडे किल्ली मागायची, असं ठरलं होतं. मागितली कोणीच नाही. ज्याला स्प्रिंग हवी तो उठायचा, तारेचा तुकडा घेऊन कुलपाशी जायचा, त्याला हळूच काहीतरी विचारल्यासारखं करायचा, आत जाऊन स्प्रिंग घ्यायचा आणि जाताना कुलूप शिस्तीत परत लावायचा. वहिनी हे बघत होत्या आणि न बघितल्यासारखं करत होत्या. कोठीचं कुलूप त्या दुकानात दाराच्या पडद्यासारखं झालं होतं. येताना बाजूला करायचं, जाताना सारखं करायचं. पुढे गल्ल्यावर मात्र कोणाला याचा पत्ता नव्हता. भावोजींना मागच्या खोलीतल्या तेलाचा वास सोसत नसे.

आणि एका सकाळी वहिनींनी दुकान उघडलं तेव्हा कोठीचं दार सताड उघडं होतं. कुलूप खाली पडलेलं, चेपून चेपून त्याचा पार लगदा झालेला. कोयंडा लाकडासकट उपटून आला होता. आतल्या फळीवरचं उरलंसुरलं पितळ गायब. शेजारी, साक्षीदारासारखा, दुकानातलाच हातोडा.

भावोजी पाठोपाठ आले. त्यांनी कपाळावर हात मारला, आणि आपण आधीच सांगितलं होतं याची आठवण करून दिली. पुढच्या दाराला ओरखडादेखील नाही, म्हणजे बाहेरचा कोणी नव्हे. हे काम आतल्याचंच. कारागीर आले तेव्हा भावोजींनी मिस्त्रीकडे बोट करून विचारलं, की आता तरी झडती घ्यायची की अजून आरती ओवाळायची?

मिस्त्रीने त्या बोटाकडे बघितलंच नाही. तो खाली वाकून कुलपाच्या लगद्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पंगतीत कोणी पानात शिंकल्यावर होतो तसा तो चेहरा होता. बाकीचे दोघेही वाकले, आणि तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

वहिनी कोठीत गेल्या. तशाच जातीची चार कुलपं त्यांनी दुसऱ्या फळीवरून काढली, बंद केली आणि किल्ल्या खिडकीतून मागच्या गटारात टाकून दिल्या. मग प्रत्येकाच्या हातात एकेक कुलूप आणि तारेचा तुकडा दिला. तिघा कारागिरांना आणि भावोजींना.

तीन कुलपं टक टक टक उघडली. मिस्त्रीने तर आपलं उघडताना रंगवाल्याकडे बघून जांभई दिली, कारण तोही एव्हाना दारात येऊन उभा होता.

भावोजी कुलूप हातात घेऊन हसले. "वहिनी, मी काय चोर आहे कुलूप उघडायला?"

"चोराचं मी अजून काही बोललेच नाही भावोजी. कुलूपवाले नाही आहात, एवढंच दिसतंय सगळ्यांना." त्यांनी खालचा लगदा उचलला. "या दुकानात पाच माणसं. चौघांना हे तारेने उघडतं. हातोडा लागतो तो एकालाच."

भावोजींचा शर्ट तेवढा पांढरा राहिला, बाकी सगळा रंग गेला. मग ते चिडले, आणि चिडल्यावर माणूस खरं बोलतो. पितळ पलीकडच्या भंगारवाल्याला दिलं, हो दिलं. वडिलांच्या दुकानातून मुलाने चार वस्तू नेल्या तर त्याला चोरी कधीपासून म्हणायला लागले? गल्ल्यावर बसून बसून त्यांची हाडं झिजली, त्यांना स्वतःचं म्हणून काही करायचं होतं.

"घरातलं म्हणून उघड नेलंत असतं तर कोणी अडवलं नसतं, कोठी उघडीच होती," वहिनी म्हणाल्या. "नेलंत ते लपवून, आणि बोट दाखवलंत ते मिस्त्रींकडे. ज्यांच्याकडे दाखवलंत, त्यांना उद्या सगळ्यांसमोर सांगायचं, मी नेलं म्हणून. आणि नेलेलं परत आणायचं. स्वतःच्या खांद्यावर."

उद्यापर्यंत मधे एक संध्याकाळ होती, आणि संध्याकाळी घरी सासूबाई होत्या.

सासूबाईंचं म्हणणं साधं होतं. झालं ते वाईट झालं, पण घरातली गोष्ट घरात झाकायची असते. कारागीर काय, छप्पन्न मिळतील. मिस्त्री नाहीतरी जायलाच निघालाय, त्याच्या नावावर हेही खपून जाईल. घराण्याच्या नावाला बट्टा लागायला नको. वहिनींचा नवरा हे ऐकून गच्चीवर कुंड्यांना पाणी घालायला गेला. घरात वाद निघाला की तो पाणी घालत असे, आणि त्यांच्या घरची झाडं फार जोमात होती.

"आई, मिस्त्रींच्या नावाला बट्टा लागलेला चालेल?" वहिनींनी विचारलं.

मिस्त्रीचं कसलं आलंय नाव, असं सासूबाई म्हणाल्या. तेव्हा वहिनींनी सांगून टाकलं, की मग उद्यापासून दुकानही तुमचं आणि भावोजींचं, मी येणार नाही. किंवा मी येईन आणि माझ्या पद्धतीने चालवीन. एकदा तुमचं ऐकून कुलूप लावलं, त्याची लाज अजून उतरलेली नाही. दुसऱ्यांदा ऐकणार नाही.

सासूबाई उठल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि आतून कडी घातली. जन्म कुलूपवाल्याच्या घरात काढलेली बाई ती. या घरात रुसायचं तर कुलूप काही कामाचं नाही, कडीच घालावी लागते, हे त्यांच्याएवढं कोणाला ठाऊक असणार? जोवर सून शब्द मागे घेत नाही तोवर दार उघडणार नाही आणि चहाही घेणार नाही, असं त्यांनी आतून जाहीर केलं.

सुनेने शब्द मागे घेतला नाही. चहा केला. कप दारासमोर जमिनीवर ठेवला, आणि त्याच्याशेजारी पदरात बांधून आणलेला तो कुलपाचा लगदा ठेवला. मग त्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या.

बराच वेळ काही झालं नाही. मग कडी वाजली. चहाचा वास कडीला जुमानत नाही. दार बोटभर उघडलं, हात बाहेर आला, आणि कपाऐवजी त्या हाताला दुसरंच काही लागलं.

दार पूर्ण उघडलं. सासूबाई ती वस्तू दिव्याखाली नेऊन उलटसुलट करून बघत होत्या.

"हे मिस्त्रीच्या नावावर खपायचं नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मिस्त्री मेला तरी इतकं घाण काम करणार नाही."

भावोजी कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. सासूबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. ज्या नवऱ्याने आयुष्यात कधी एक कुलूप फोडलं नाही, त्याच्या मुलाकडे त्या बघत होत्या.

"चोरी केलीस ते केलीस," त्या म्हणाल्या. "हातोड्याने?"

भावोजींनी मान खाली घातली. सकाळपासूनच्या सगळ्या बोलण्यात हाच घाव त्यांना लागलेला दिसला.

"हातोड्याचं तुम्ही नंतर बघा आई," वहिनी दारातून म्हणाल्या. "आधी चोरीचं. उद्या सकाळी, सगळ्यांसमोर."

सासूबाईंनी थंड झालेला चहा उचलला आणि एका घोटात संपवला. नाही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी भावोजी भर बाजारातून खांद्यावर पोतं घेऊन आले. पांढऱ्या शर्टावर हिरवट काळा पट्टा उमटला होता. त्यांनी पोतं ठेवलं, आणि मिस्त्रीकडे न बघता सांगितलं, की मी नेलं. मिस्त्रीकडे बघून सांगा, असं वहिनी म्हणाल्या. त्यांनी बघून सांगितलं. मिस्त्रीने माफबिफ काही केलं नाही. त्याने पोतं ओतलं आणि एक मोडकी नळाची तोटी बाजूला फेकत म्हणाला, की हे आपलं नाही, भंगारवाल्याने तुम्हालाही फसवलंय. हातभर रुंदीचं कुलूप मात्र तळाशी सापडलं. मग महिना भरल्यावर जायचं काय, असं वहिनींनी विचारलं. कोठीचं काय करताय त्यावर आहे, असं तो म्हणाला.

गल्ल्यावर यापुढे मी बसेन, असं वहिनींनी भावोजींना सांगितलं. तुम्हाला या दुकानात राहायचं तर मागे बसायचं आणि कुलूप उघडायला शिकायचं. तारेने. भावोजी शर्ट झटकत निघून गेले.

रंगवाला तेवढ्यात आलाच. एवढं रामायण झालं, आता तरी कोठीला चांगलं कुलूप लावा वहिनी, आणि कॅमेराही. वहिनींनी त्याचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. मग पेचकस घेतला आणि कोठीच्या दाराच्या बिजागऱ्या एकेक करून सोडवल्या. दार खाली आलं. त्यांनी मिस्त्रीला हाक मारून त्याचं दुसरं टोक धरायला लावलं. दोघांनी ते मागच्या खोलीत नेऊन दोन खोक्यांवर आडवं टाकलं. उपटलेल्या कोयंड्याची भोकं वरच्या बाजूला ठेवली. त्यावर एक कानस ठेवली, एक बंद कुलूप ठेवलं, आणि समोर सासऱ्यांच्या वेळचं स्टूल मांडलं.

स्टूल काही दिवस रिकामंच राहिलं. रंगवाला रोज येऊन ते रिकामं असल्याची खात्री करून जायचा. महिना भरला तेव्हा मिस्त्री जायचं विसरला, आणि कोणी त्याला आठवण करून दिली नाही.

मग एका सकाळी भावोजी मागच्या दाराने आले. अंगात जुना चौकड्यांचा शर्ट होता. ते स्टुलावर बसले आणि कानस उचलली.

"उलटी धरलीय," मिस्त्री वर न बघता म्हणाला.

पुढे गल्ल्यावर वहिनी एका नव्या गिऱ्हाइकाला समजावून सांगत होत्या, की आमच्या कोठीला कुलूप का नाही. हल्ली तर दारही नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि हातभर रुंदीच्या पितळी कुलपाकडे बघत चहाचा कप तोंडाला लावला.