हाडाचा ब्रश

"काका, खरं सांगा, हा ब्रश तुम्हीच पुरलाय ना?"

कोपरापर्यंत वाळूने माखलेली पाचवीतली एक मुलगी खड्डेकाकांपुढे येऊन उभी राहिली. तिच्या हातात एक पिवळट, चपटी हाडाची कांडी होती आणि तिच्या एका टोकाला बारीक भोकांच्या चार रांगा.

"छे गं! मी कशाला पुरू?" काकांनी सवयीने सांगून टाकलं आणि मग ती कांडी नीट पाहून ते चपापले.

हे 'छे गं' म्हणजे काकांची नोकरीच होती म्हणा ना. गोऱ्या सैनिकांच्या जुन्या दवाखान्याच्या आवारात शाळकरी मुलांना उत्खनन शिकवायचं केंद्र निघालं, त्याला सव्वीस वर्षं झाली. पहिल्या दिवसापासून काका तिथले मदतनीस. चार चौकोनी खड्डे, त्यांत वाळू, आणि वाळूत काकांनी सकाळी सातलाच पुरून ठेवलेल्या फुटक्या कपबशा, बाटल्यांची बुडं, गणवेशाची बटणं. प्रत्येक वस्तूवर मागून पांढरा ठिपका, म्हणजे संध्याकाळी गोळा करायला बरं. नऊला बस आली की पोरं खुरपी घेऊन तुटून पडायची, आणि दर बसमध्ये एखादं बेरकी कार्टं विचारायचंच, "काका, तुम्हीच पुरलं ना?" काका चेहऱ्यावरची रेषही न हलवता खोटं बोलायचे. कुणाला काहीच सापडेना आणि ते रडकुंडीला आलं, की त्याच्या शेजारी बसून मुठीतलं एखादं बटण हळूच वाळूत सरकवायचे. इतका गोड लबाड माणूस शोधून सापडायचा नाही.

पण हाड त्यांनी कधीच पुरलं नव्हतं. रोज वाळूत पुरून उपसलं तर हाड टिकत नाही, तुकडे होतात. आणि या कांडीवर ठिपकाही नव्हता.

"कुठे सापडला गं?"

"त्या कोपऱ्यात. वाळू संपली, मग काळी माती लागली, मग मी आणखी खणलं. चुकलं का माझं?"

वाळू आणि खरी जमीन वेगळी राहावी म्हणून खड्ड्याच्या तळाला गोणपाट अंथरलेलं असे. तिसऱ्या खड्ड्यातलं कुजलंय, बदलायला हवं, असं ते दोन महिने स्वतःला बजावत होते. आज करू, उद्या करू. घ्या आता!

"अगं, सगळं काकाच पुरतात," वर्गाच्या बाई हसून म्हणाल्या. "चल, डबा खाऊन घे."

मुलीचं तोंड एवढंसं झालं.

काका तडक केंद्राच्या मॅडमकडे गेले. ब्रश बघून त्या खूश झाल्या. "वा काका! जुना दात घासायचा ब्रश! कुठून पैदा केलात?"

"मॅडम, मी नाही पुरला."

"हो हो, माहितीये मला," मॅडमनी डोळा मारला.

"अहो, ते पोरांसमोरचं 'नाही' नव्हे हे. खरंखुरं नाही!"

मॅडमना ओढतच त्यांनी खड्ड्यात उतरवलं. कोपऱ्यातली वाळू बाजूला केली, कुजकं गोणपाट उचललं. खाली काळ्या मातीत औषधाच्या बाटलीचा गळा दिसत होता, आणि त्याला चिकटून तसलाच दुसरा ब्रश.

"दवाखान्याचा उकिरडा!" मॅडम गुडघ्यांवर बसल्या. "चार वर्षं भिंतीपलीकडे शोधतोय आम्ही आणि हा इथे!" मग त्यांचा आवाज खाली आला. "काका, नियम ठाऊक आहे ना? खरे अवशेष निघाले की चारही खड्डे बंद. दुसरीकडे करायचे तर परवानगीलाच दोन वर्षं जातील. आणि तुमची तर नोकरीच एक वर्ष उरली."

काकांनी हातातलं गोणपाट खाली ठेवलं.

"हे बघा," मॅडम कुजबुजल्या, "वाळू लोटून टाकू. दीडशे वर्षं पडलंय, आणखी एक वर्ष पडेल. तुम्ही पुरला होता म्हणू."

काकांना मोह झाला. उगाच कशाला लपवा, चांगलाच झाला. सकाळी सातची ती थंड वाळू, नऊच्या बसचा हॉर्न, तो कलकलाट. त्याशिवाय वर्षभर खुर्चीत बसून करायचं काय? पण काठावर ती मुलगी उभी होती. डबा तिने उघडलाही नव्हता.

"हिला काय सांगू, मॅडम? सव्वीस वर्षं पोरांना खोट्याचं खरं करून दिलं. आता हिला खऱ्याचं खोटं करून घरी पाठवू? नाही जमायचं मला."

ते मुलीकडे वळले. "हा मी पुरला नाही बरं का. आईशप्पथ. तुलाच सापडला."

तिने क्षणभर त्यांचा चेहरा निरखला आणि मग अशी किंकाळी मारली, की जेवणारी सगळी शाळा उठून उभी राहिली. "खरा आहे! मला खरा सापडला!"

मॅडमनी नोंदवहीत 'शोधणारी व्यक्ती' या रकान्यात तिचं पूर्ण नाव लिहून घेतलं, तिच्याच अक्षरात. बस गेली. घरी सांगितलं की बायको काय म्हणेल, ते काकांना आत्ताच ऐकू येत होतं: सव्वीस वर्षं बेमालूम थापा मारल्यात आणि खरं बोलायला आजचाच दिवस सापडला होय तुम्हाला?

दुपारी चारही खड्ड्यांभोवती खुंट्या ठोकून दोरी बांधायची होती. ते काम काकांनी कुणाला करू दिलं नाही. शेवटची गाठ मारल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण दोरीच्या आतच राहिलो. ते वाकायला गेले आणि कंबरेवर हात ठेवून थांबले.

मॅडम पुढे आल्या. त्यांनी दोरी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलून धरली आणि काका न वाकता खालून बाहेर आले.