तोंडी परीक्षेचे गुण

हिंगणी गावाजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात श्रीधर सर इंग्रजी शिकवीत, आणि बारावीच्या तोंडी परीक्षेत विद्यार्थी जेवढे बोले तेवढेच गुण देत. घरी गोंडी बोलणाऱ्या रुपाला त्यांनी विसांपैकी सहा दिले. जीवशास्त्रात तिला ब्याऐंशी मिळाले; सक्तीच्या इंग्रजीत मात्र सवलतीचे गुण धरूनही ती दोन गुणांनी नापास झाली आणि नर्सिंगचा प्रवेश हुकला.

"शहरात शिकनाऱ्या बोरगावच्या माह्या मैत्रिणीले एकोणीस भेटले," गुणपत्रिका पुढे करत ती म्हणाली. "तिले तर तोंडीले कोनी बोलावलंबी नाई."

"मग मी खोटे गुण द्यायचे होते?"

"नाई सर. पन खरं मोजाले आमचंच गाव काऊन सापडते?"

शहरातली गुणांची ती खिरापत सरांना ठाऊक होती. तिचा तिरस्कार करणे यालाच ते आजवर न्याय समजत आले होते, आणि त्याची शिक्षा दरवर्षी त्यांचाच वर्ग भोगत होता.

पुरवणी परीक्षेत रुपा समोर बसताच त्यांनी एकोणीस लिहिले आणि पुढचे नाव पुकारले.

"सर, मी तयारी करून आली ना. आयका तरी."

"आता गरज नाही."

परीक्षा मंडळाच्या हिशेबी ती सगळ्यांच्या बरोबरीची झाली होती. तरी ती खुर्चीवरून उठेना.