पी.पी. नंबर

"समोरच्याले होल्डवर ठेवलं, का मंग बसाचं नाई, खुर्शीद. चप्पल घाल अन् नीघ. पानी बी नंतर पे."

हा आवाज नबीमियांचा, खुर्शीदबीच्या नवऱ्याचा. ते अल्लाच्या घरी गेले त्याला काही वर्षं झाली, तरी राजापेठेतल्या त्या खोलीएवढ्या दुकानात खुर्शीदबीला तो अजून ऐकू येई. दुकान पूर्वी एसटीडी बूथ होतं. आसपासच्या गल्ल्यांत कुणाकडे फोन नव्हता, तेव्हा कुणाची लेक सासरहून, कुणाचा पोरगा पुण्याहून नबीमियांच्या नंबरावर फोन करी. पी.पी. नंबर म्हणत त्याला. नबीमिया रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवत आणि खुर्शीदबी लगबगीनं जाऊन ज्याचं त्याचं माणूस बोलावून आणी.

मग मोबाइल आले. बूथ ओस पडला, फोनची लाइनही गेली. त्या जागी कॉम्प्युटर आले. पण 'नबी एसटीडी' आणि खाली फोन नंबर, ही पिवळी पाटी तिनं उतरवू दिली नाही. दिवेलागणीला पाटीतला बल्ब ती नेमानं लावी.

दर गुरुवारी संध्याकाळी लीलाबाई यायची. बाई धामणगाव रेल्वेकडच्या खेड्यातली. लागोपाठचे हंगाम हातचे गेले, तेव्हा नवरा खुशालराव शेतावर राहिला, मुलगा नितेश पुण्याला कारखान्यात गेला आणि ही राजापेठेत मुलींच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला आली. गुरुवार गजानन महाराजांचा, म्हणून उपास. तो सुटण्याआधी पोराशी दोन शब्द व्हायचे, याहूच्या चॅटवर. लीलाबाईला वाचता येत नव्हतं. इंग्रजी अक्षरांतलं मराठी खुर्शीदबी सावकाश वाचून दाखवी, उत्तर टाइप करी.

नितेशनं जाण्यापूर्वी आईला कोपऱ्यातला कॉम्प्युटर दाखवला होता. तिची समजूत अशी, की पोरगा तिथंच येतो. बाकीचे रिकामे असले तरी ती तिथं बसत नसे, कोपऱ्यातलं गिऱ्हाईक उठेस्तोवर उभी राही.

"त्याले हेच मालूम हाय न बाई. तो इथं आला अन् मी तिकडं बसून राहिलो तं?"

खुर्शीदबी हसली नाही. तिचं अवघं आयुष्य एका नंबराशेजारी गेलं होतं.

पोळ्याच्या सणानंतर याहूच्या यादीतलं नितेशचं हिरवं नाव करडं पडलं ते पडलंच, तो यायचाच थांबला. कारखान्यातून तो सुटल्याचं गावच्या कुणीतरी सांगितलं. पुढे कुठे गेला, ठाऊक नाही. त्या वर्षांत वऱ्हाडात गप्प झालेल्या तरण्या पोराची कशी धास्ती वाटायची, ते वेगळं सांगायला नको. सकाळचा पेपर आला की घराघरांतल्या बाया तो पालथा घालून ठेवत.

एका गुरुवारी लीलाबाई खुर्चीतून उठली. "आता नाई येत मी, खुर्शीदबी. ते करडं नाव पाह्यलं, का घास उतरत नाई."

"नका येऊ. तो आला, का मीच बोलवाले येईन. पयले येत होतो तशी."

"अन् तुमचे गुडघे?"

"गुडघ्याईले कोन इचारते?"

शब्द दिला खरा, पण पोरगा पुन्हा याहूवरच येईल कशावरून? दुकानात बसणारी मुलं ती पाहत होती. कुणी याहूवर, कुणी हॉटमेलच्या मेसेंजरवर, कुणी रेडिफवर, कुणी जीमेलवर. एका दारात बसावं, तर दुसऱ्या दारी कोण येऊन गेलं ते कळत नाही. सगळी दारं उघडून ठेवावी, तर जुनाट कॉम्प्युटर धापा टाकी.

तिनं अकोल्याला धाकट्या भावाला कळवलं. तनवीर कॉम्प्युटर दुरुस्त करी. रमजानच्या तोंडावर तो एक सीडी घेऊन आला.

"आपा, हा एकच प्रोग्राम टाकतो. याहूवाले, हॉटमेलवाले, सारेच याच्यात. एकच खिडकी, एकच यादी. फक्त खातं सगळीकडं पाह्यजे. नाव काय देऊ?"

"पाटीवर जे लिवलं हाय, तेच. नंबरासकट."

तनवीर खो खो हसला. "लाइन कापून जमाना झाला न! आपा, तू टेलिफोन एक्स्चेंज उघडून राहिली का?"

"या गल्लीतून गेलेल्या पोराईले दुसरं काई याद नसन, हा नंबर याद असन. टाक तू."

त्यानं टाकला. पाटीचं नाव सगळ्या ठिकाणी एकदम हिरवं झालं. निघताना त्यानं बजावलं, "इथं एकदा 'बाहेर' केलं, का सगळीकडं तू बाहेर. ध्यानात ठेव." म्हणून नमाजाला उठली तरी ती त्या हिरव्या ठिपक्याला हात लावत नसे. दूरवरून कुणी पाहत असेल.

आणि खरंच, यादीत हिरवे ठिपके लागू लागले. मस्कतहून गल्लीतल्या नगमाचा भाऊ आला, नागपूरहून नर्सिंग शिकणारी प्रणाली आली. खुर्शीदबी पुन्हा गल्ल्यांतून दिसू लागली. कोपऱ्यावरचे महादेवराव पानाला चुना लावता लावता म्हणत, "आला वाटते फोन, भाभी!" पण हसून ती पुढे जाई, तेव्हा पानपट्टीवरची माणसं बाजूला होऊन वाट देत.

नितेश मात्र नाही.

रमजानातला एक गुरुवार. खुर्शीदबीनं ताटलीत खजूर काढले, पाण्याचा ग्लास भरला. रोजा सुटायच्या अजानला थोडा अवकाश होता. पडद्यावर एक चौकट उघडली. कुणीतरी यादीत घ्या म्हणत होतं. तिनं चष्मा लावला, बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं आणि होकाराचं बटण दाबलं.

"चाची, मी नितेश. याहूचा पासवर्ड इसरलो. काम सुटलं होतं, मंग लाज वाटे. आता सुरतेत हाय, बरा हाय. पाटीवरचं नाव अन् नंबर आठवून टाकून पाह्यलं, तं तुमी हिरव्या दिसल्या. आई येते का अजून?"

तिनं ते पुन्हा वाचलं. 'बरा हाय' तर तिसऱ्यांदाही. मग एकेक अक्षर शोधून तिनं एकच शब्द टाइप केला.

"होल्ड."

ठिपका हिरवाच राहू दिला. ताटलीतला एक खजूर पदराच्या टोकाला बांधला. बाहेर येऊन पाटीचा बल्ब लावला, चपला पायात घातल्या. ट्यूशन सुटलेल्या पोरींच्या स्कूट्यांमधून, गुडघ्यावर हात ठेवत, ती मेसच्या गल्लीकडे निघाली.

वळणावर अजान ऐकू आली. पदराची गाठ सोडून तिनं चालता चालताच खजूर तोंडात टाकला. पाणी नंतर.