आखाजीचं लुगडं

बेलीफ दारात नोटीस देऊन गेला तेव्हा मला वाटलं, घर चुकला असेल. आमच्या पहूरच्या शाळेतल्या मास्तरांनी कागद वाचला. चुडामण नानांचा निवाडा रद्द करावा, म्हणून माझ्या सख्ख्या भावानं, लोटननं, धुळ्याच्या कोर्टात अर्ज केला होता.

"मास्तर, पुन्हा वाचा," मी म्हटलं. त्यांनी वाचलं. तेच!

अहो, तो वाद तर कधीच मिटला होता! आबा गेले, नव्या कायद्यानं लेकीलाही वाटा आला, तो मी मागितला. आम्ही दोघांनीच चुडामण नानांना लवाद नेमलं. नानांनी आबांचं अर्धं शेत मला दिलं. लोटन रडायला लागला. मीही विरघळले. विहिरीजवळचा तुकडा माझा, बाकी सगळं त्याचं, असा समझोता झाला. त्यानं सही केली, मी अंगठा दिला. माझे मालक, पुना, जन्मभर लोकांची शेतं बटाईनं करत आलेले. आमची म्हणावी अशी ती पहिलीच जमीन.

त्यावर लगेच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. न्यायला मुऱ्हाळी आला, मी हौसेनं माहेरी गेले, झोक्यावर बसून गाणी म्हटली. निघताना भावजयीनं, सुनंदानं, अंगणात भाऊबंदांसमोर कुंकू लावून माझ्या हातावर लुगडं ठेवलं. लोटन शेजारी उभा राहून हसत होता.

कोर्टात तोच लोटन म्हणाला, "अक्कानं लुगडं घेतलं, सगळ्या गावानं पाहिलं. आमच्यात बहीण लुगडं-चोळी घेऊन हक्क सोडते. आता निवाडाही नाही आणि समझोताही नाही."

हा माझ्या कडेवर वाढलेला पोरगा! आखाजीचं लुगडं म्हणजे जमिनीची किंमत?

"बाई, लुगडं घेतलं होतं का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"घेतलं," मी म्हणाले. माहेरचं लुगडं कोणती बाई नाकारते? पुनांनी तिकडे मान खाली घातली. गेली जमीन, मला कळून चुकलं.

मग लोटनच्या वकिलानं आपली साक्षीदार म्हणून सुनंदालाच उभी केली. तिनं पदर सावरला.

"बठ्ठं खोटं शे," ती नवऱ्याकडे बघत म्हणाली. सगळंच खोटं? "ते लुगडं यास्नी नई दिधं. मी दिधं. मन्हा भाऊनी माले आखाजीले धाडेल व्हतं."

नणंद रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून या बाईनं स्वतःच्या माहेरचं नवंकोरं लुगडं मला दिलं होतं, आणि माझ्या भावानं त्यात माझी जमीन गुंडाळायला काढली होती! मला त्याची इतकी किळस आली की सांगता सोय नाही.

भावानं काही दिलंच नाही तर हक्क सुटला कसा, म्हणत न्यायाधीशांनी अर्ज फेटाळला. समझोत्याप्रमाणे तुकडा माझा ठरला. आनंद व्हायला हवा होता.

बाहेर लिंबाखाली लोटन बायकोला एवढंच म्हणाला, "आते मन्हा दारमा पाय ठेवू नको." मागं वळून न बघता तो मोटारस्टँडकडे चालता झाला. ती उभीच. हातात पिशवी नाही, पायात वहाण नाही.

"अक्का, आते मी कोठे जाऊ?"

पुना माझ्याआधी बोलले, "चाल बहीण. त्या तुकडामा आपलं बठ्ठास्नं पोट भरी."