पिनेची शीळ

"मला 'यंत्र थांबवा' म्हणायचं नाही हं," सुशीलाबाईंनी नम्रताला बजावलं. "तू तुझा ग्राफ बघ. मी माझ्या कानानं बघते."

"कानानं बघता?" नम्रता हसली. पोरगी इंजिनिअर होऊन नुकतीच लॅबमध्ये लागली होती. "ओके मॅडम. स्क्रीन माझ्याकडे वळवते, म्हणजे फेअर होईल."

"वळव की. मला काय करायचाय तुझा स्क्रीन!"

आणि त्यांनी बटण दाबलं. टेबलावरचं यंत्र घरघरायला लागलं.

काम म्हटलं तर साधं. करंगळीहून बारीक पोलादी पिन दोन ठोकळ्यांच्या चिमट्यात गरगर फिरवायची. पिनेवर काळा लेप असतो. जिथं तेल टिकत नाही, तापून उडून जातं नाहीतर धूळ धरून चिकट होतं, तिथं कारखानेवाले हा कोरडा लेप लावतात. तो किती वेळ तग धरतो ते पाहायचं. लेप संपून लोखंडाला लोखंड भिडलं की पिन आधी बारीक शीळ घालते. तेव्हाच यंत्र थांबवायचं. नाही थांबवलं तर ती किंचाळते, धूर काढते आणि कडकन मोडते.

ती पहिली शीळ ऐकावी तर सुशीलाबाईंनी. हडपसरच्या त्या लॅबमध्ये त्यांचा कान म्हणजे दंतकथा होती. कँटीनवाला म्हणायचा, "बाईंच्या मागं बोलू नका रे, त्यांना मुंगीच्या पायातले घुंगरू ऐकू येतात." बाई वरवर रागावायच्या आणि मनातून फुलायच्या. का फुलू नये? वाशीमकडच्या खेड्यातून नवऱ्याच्या मागं पुण्यात आल्या, बी.एस्सी.चा कागद हातात घेऊन दारोदार फिरल्या, आणि शेवटी मान मिळाला तो या कानानं.

मानही कसा, छापील! ही चाचणी कशी करायची याचं एक मानक होतं, देशभरातल्या प्रयोगशाळांनी पाळायचं नियमपुस्तक म्हणा. त्यात एक वाक्य होतं: 'अनुभवी चाचणीकाराने आवाजातील बदल ऐकताच यंत्र थांबवावे.' लॅबचे प्रमुख देवस्थळी साहेब ते ठरवणाऱ्या समितीवर होते. ते वाक्य लिहिलं तेव्हा साहेब याच टेबलाशी उभे होते आणि यंत्रावर सुशीलाबाई होत्या. त्यामुळे पुस्तकात नाव नसलं तरी तो अनुभवी चाचणीकार कोण, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. जगात त्यांच्याबद्दल छापलेलं तेवढं एकच वाक्य.

आता मानकाची सुधारणा निघाली होती. बाहेरची गिऱ्हाइकं येत होती, त्यांना सगळं कॉम्प्युटरवर हवं. पिन फिरवायला किती जोर लागतो ते सेन्सर मोजणार, जोर वाढला की यंत्र आपोआप बंद. नव्या मसुद्यात ते वाक्य खोडलेलं पाहिलं आणि बाई तडक साहेबांच्या खोलीत गेल्या.

देवस्थळी जन्मानं शनिवार पेठेतले. गोड बोलल्यानं मधुमेह होतो अशी त्यांची समजूत असावी. "बाई, कान निवृत्त होतो. सेन्सर होत नाही," ते म्हणाले.

"निवृत्त तर तुम्हीही होणार, साहेब. म्हणून आत्ताच खोडायचं का तुम्हाला?"

साहेबांनी चष्मा काढला. "उत्तर चांगलं आहे. बरं, तोवर वाक्य परत घालतो आणि दोन्ही शेजारी शेजारी लावून बघू. जुळलं तर पर्याय म्हणून वाक्य राहील. नाही जुळलं तर राहणार नाही."

"काहून नाही जुळणार?" बाई तावातावानं म्हणाल्या. राग आला की त्यांच्या तोंडी अजून वऱ्हाडी यायची.

तर त्या जुळवणीचा हा पहिला दिवस. आपोआप बंद व्हायची सोय आजपुरती काढून ठेवली होती; सेन्सर जोर मोजून नुसता ग्राफ काढत होता. यंत्र घरघरत होतं. बाई मान किंचित तिरकी करून बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी झटक्यात बटण दाबलं.

"आली! बघ, काय म्हणतो तुझा डबा?"

नम्रता स्क्रीनकडे बघत राहिली. "मॅडम, ग्राफ तर मघाशीच वर गेला होता."

"मग त्याला चष्मा लाव. दुसरी पिन दे."

दुसऱ्या पिनेचं तेच. बाईंनी सेन्सर उघडून परत बसवायला लावला, ठोकळे बदलायला लावले, लेपाला नावं ठेवली. तिसऱ्या पिनेला मात्र त्या यंत्राकडे बघत नव्हत्या, नम्रताच्या तोंडाकडे बघत होत्या. आणि मध्येच त्यांना दिसलं की पोरीनं दचकून यंत्राकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, मग मान खाली घातली. बाईंच्या कानात नुसती घरघर. नम्रता ओठ चावत बसली होती. मग धूर आला. पिन कडकन मोडली, ते मात्र बाईंनाही ऐकू आलं.

"काय झालं गं मघाशी? वर काय बघितलंस?"

"काही नाही."

"खरं सांग."

नम्रताचा आवाज अगदी खाली गेला. बाईंना पुढं वाकावं लागलं. "मॅडम, शीळ आली ना. बारीक. मलासुद्धा आली ऐकू."

मलासुद्धा! काल-परवा आलेल्या, जन्मात शीळ न ऐकलेल्या पोरीला! सुशीलाबाईंनी मोडकी पिन चिमट्यानं उचलली आणि उगाच फडक्यानं पुसत बसल्या.

मग एकेक आठवायला लागलं. घरमालक गेनबा ससाणे खालच्या मजल्यावरनं म्हणाले होते, "बाई, म्या पेपर बंद केला बघा. तुमच्या टीव्हीच्या बातम्या आमच्या गोठ्यापतुर येत्यात. म्हशीला समदं राजकारण ठावं हाय." बाईंना वाटलं होतं, म्हाताऱ्याला आपला रंगीत टीव्ही खुपतोय. दूधवाला बेल वाजवून निघून जायचा, तर त्यालाच कामचुकार म्हणून झापलं होतं. आणि धम्मदीप. नवरा भीमराव गेल्यावर एकटीनं वाढवलेला मुलगा. आधी हिंजवडीला लागला, कंपनीची बस उजाडायच्या आत घेऊन जायची ती दिवेलागणीनंतर सोडायची. मग अमेरिकेला गेला. दर रविवारी त्याचा फोन यायचा. बाई म्हणायच्या, "लाइन खराब आहे रे. बरं बरं. जेवत जा वेळेवर." तो आधी दोनदा दोनदा सांगायचा. मग एकदाच सांगायला लागला. मग फोनच आखूड होत गेले. बाई समजायच्या, पोराला वेळ नाही.

लाइन चांगलीच होती म्हणायची.

नम्रता जवळ आली. "मॅडम, मी एक बोलू? रिपोर्टमध्ये सेन्सर नीट कॅलिब्रेट नव्हता असं टाकू. पुढच्या वेळी मी तुम्हाला नुसती खूण करीन. कोणाला कळतंय?"

पोरीनं मायेनंच म्हटलं होतं. मोह झालाच नाही असं कोण म्हणेल? नुसती खूण. वाक्य राहील, मान राहील, कँटीनमधले घुंगरूही राहतील. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"नको गं. चल वर."

देवस्थळींनी आकडे वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिले. मग म्हणाले, "यंत्राला दोष द्यायला माझी हरकत नाही. मी ते कधी करत नाही, पण तुमच्यासाठी करीन."

"यंत्राचा दोष नाही, साहेब. पिनेचा नाही, लेपाचा नाही. माझा कान गेला." एवढं बोलूनही त्या उठल्या नाहीत. "आणखी एक आहे. शीळ उशिरा ऐकली म्हणजे मागचे किती लेप मी टिकाऊ म्हणून पास केले असतील! प्रत्येक मालातल्या राखून ठेवलेल्या कोऱ्या पिना कपाटात आहेत. सगळ्या परत लावा, सेन्सरवर. गिऱ्हाइकांना कळवा."

"बाई, लॅबची शोभा होईल."

"होऊ द्या. तो लेप कुठल्या यंत्रात लागला असेल, एखाद्याचा हात अडकायचा."

साहेबांनी लाल पेन उचललं आणि परत ठेवलं. "वाक्य तुम्ही खोडता का मी खोडू?" त्यांनी विचारलं, आणि या वेळी त्यात टोमणा नव्हता.

"तुम्हीच लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. "तुम्हीच खोडा."

रविवारी धम्मदीपचा फोन आला. सांगायचं ठरवून बाई आधीपासून फोनजवळ बसल्या होत्या. तो काहीतरी म्हणाला, हसला, मग गप्प झाला. काहीतरी विचारलं असावं. बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, येतो आई. आणि येणं जमलं नसतं. ते त्यांना शब्दांत ऐकायचं नव्हतं. "लाइन खराब आहे रे," त्या म्हणाल्या. "बरं बरं." फोन ठेवला आणि पदर तोंडाशी धरून रडल्या. खाली गेनबांना ऐकू जाईल म्हणून टीव्ही लावला, आणि मोठा झाला असेल म्हणून लगेच बंद केला.

मग रजा टाकून त्या एकट्याच बसनं शनिवार पेठेत गेल्या. कानाच्या दवाखान्यात शर्मिला नावाची मुलगी तपासणी करायची. ती कागद भरत मोठ्यानं विचारत होती.

"काकू, घरात पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं?"

"म्हणजे?"

"पेशंटला स्वतःला सहसा कळत नाही ना. घरचे सांगतात. हाक मारली तर ओ देत नाही, असं."

सुशीलाबाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. "घरी हाक मारणारं कोणी नाही," त्या म्हणाल्या.

शर्मिलानं तो रकाना कोरा सोडला. तिनं त्यांना काचेच्या लहानशा खोलीत स्टुलावर बसवलं आणि कानांवर हेडफोन चढवले. "बारीक आवाज येईल. अगदी बारीक आला तरी बोट वर करायचं."

दार लागलं. आत इतकं शांत होतं की बाईंना स्वतःचा श्वास जाणवायला लागला. काचेपलीकडे शर्मिला यंत्रापुढं बसली होती. ती बटण दाबायची तेव्हा तिचा खांदा जरासा हलायचा. एकदा हलला. परत हलला. बाईंचं बोट आपसूक उचललं गेलं, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण ऐकलं काहीच नाही, खांदा बघितला.

त्यांनी हात वर करून तिला थांबायची खूण केली. उठून स्टूल फिरवलं आणि काचेकडे पाठ करून, कोऱ्या भिंतीसमोर बसल्या. मान सवयीनं किंचित तिरकी झाली. बोट गुडघ्यावर तयार ठेवून त्या शिळेची वाट बघायला लागल्या.